720 गुणांमागचं गणित

एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड सेवा; तिच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट या प्रमाणपत्र परीक्षेत 65 प्रश्न असतात, वेळ 130 मिनिटं आणि पास व्हायला 1000 पैकी 720. म्हणजे 72 टक्के उत्तरं बरोबर हवीत, असा हिशोब बरेच जण मांडतात. तो चुकतो. 65 पैकी 15 प्रश्नांना गुणच नसतात; ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहिले जात असतात, आणि कोणते ते कळत नाही. शिवाय मोजपट्टी शून्यापासून नाही, 100 पासून सुरू होते.

अशा परीक्षांमध्ये पासची रेघ आखायची सर्वांत रुळलेली पद्धत अँगॉफची. विल्यम अँगॉफ यांनी 1971 मध्ये ती मांडली; श्रेय मात्र त्यांनी सहकारी लेडयार्ड टकर यांना दिलं. विषयातले जाणकार एकत्र बसतात आणि काठावर पास होणारा उमेदवार डोळ्यांसमोर आणतात. असे शंभर जण असतील तर हा प्रश्न कितींना सुटेल? कुणी 80 म्हणतो, कुणी 45. मग चर्चा होते, आधीच्या उमेदवारांचे आकडे पाहिले जातात आणि पुन्हा अंदाज घेतला जातो. प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून त्यांची बेरीज केली की कच्च्या गुणांतली, म्हणजे किती उत्तरं बरोबर हवीत याची, रेघ मिळते. गफलत होते ती इथेच. वीस वर्षं तेच काम केलेल्याला 'एवढं तर कुणालाही येईल' असं वाटतं आणि रेघ उगाच वर सरकते. उलट चार पर्यायांच्या प्रश्नाला 10 टक्के देणंही चूक, कारण नुसत्या अंदाजानेही 25 टक्के जणांचं उत्तर बरोबर येतं.

प्रश्नसंच मात्र अनेक असतात. समजा, गुण असलेल्या 50 प्रश्नांपैकी सोप्या संचात रेघ 36 वर आली आणि अवघड संचात 34 वर. दोन्ही रेघांना 720 हेच नाव द्यायचं आणि पैकीच्या पैकीला 1000. सरळ प्रमाणात 35 बरोबर उत्तरांचे सोप्या संचात 700 होतात, म्हणजे नापास. अवघड संचात साधारण 738, म्हणजे पास.

संच किती अवघड हे ठरवायला दोन्हींत काही समान प्रश्न ठेवतात. तेच फुटले तर घोळ होतो: उमेदवार आहेत त्यापेक्षा हुशार दिसतात आणि उरलेले प्रश्न विनाकारण अवघड ठरतात. त्यामुळे एखादा समान प्रश्न अचानक सगळ्यांना सुटायला लागला, की तो हिशोबातून काढून टाकतात.