सूर (पाण्यातील व हवेतील)

सूर : हात पुढे, डोके खाली आणि अंग ताठ ठेवून उंचावरून पाण्यात झेपावण्याची क्रिया. घारीच्या वा विमानाच्या नाक खाली करून घेतलेल्या वेगवान उतरणीलाही हाच शब्द लावतात. गाण्यातला सूर (स्वर) निराळा.

उडी आणि सूर यांची गल्लत छापील मजकुरातही आढळते. पाय आधी पाण्याला लागले तर उडी, गुडघे छातीशी घेऊन पडले तर मुटका. हात आधी लागले तरच सूर. सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी मार्सेय बंदरात घेतली ती उडी म्हणूनच ओळखली जाते. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून खंदकात टाकल्या त्याही उड्याच. भाषेने केलेला हा भेद नेमका आहे. तळ किती खोल हे माहीत नसलेल्या पाण्यात जाणता पोहणारा डोके पुढे घालत नाही.

शब्दाच्या उगमाबाबत सुरकांडी आणि सूरपारंब्या (वडाच्या झाडावर खेळायचा मुलांचा खेळ) हे दोन शब्द विचारात घ्यावे लागतात. सुरकांडी म्हणजे डोक्यावर घेतलेली बुडी. तिथे अर्थ स्पष्ट आहे. सूरपारंब्यांत मात्र दोन अर्थ संभवतात : पायाखालून भिरकावलेल्या काठीचे नाव सूर, किंवा वडाच्या फांदीवरून खाली झेपावणे हा सूर. काठीचा अर्थ मूळ धरला, तर सरळ, ताठ वस्तूवरून ताठ अंगाच्या झेपेला नाव मिळाले असे मानावे लागते. झेप हा अर्थ मूळ धरला, तर खेळाचे नाव सरळ उलगडते आणि सुरकांडीही त्यात बसते. दुसरा पक्ष अधिक सोपा वाटतो. स्वरवाचक सुराशी नाते जोडण्यास अर्थाच्या अंगाने आधार दिसत नाही.

सातारा-सांगली भागात सुराची शाळा म्हणजे विहीर आणि कृष्णेचा घाट. आधी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून हातपाय मारायला शिकवतात. तो सुटल्यावर पायरीवर बसून, मग उकिडवे, मग उभ्याने सूर. दंड कानांना चिकटलेले, तळहात एकावर एक, हनुवटी छातीकडे. हनुवटी वर झाली की अंग आडवे होते आणि पोट पाण्यावर आपटून लालबुंद होते. घाटावर हसू उसळते. सांगलीत 1929 मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट धरतात. पाणी चढले की पुलापासूनची उंची कमी होते, म्हणून पोरे पुरातच झेपावतात. पण कमानींच्या खांबांशी भोवरे तेव्हाच सर्वांत वाईट असतात.

पाण्यावर पोहोचतानाचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा विरोध सोडला, तर 5 मीटरवरून तो सेकंदाला सुमारे 10 मीटर (ताशी 36 कि.मी.), तर 10 मीटरवरून सुमारे 14 मीटर (ताशी 50 कि.मी.) होतो. उंची दुप्पट, वेग मात्र दीडपटीहून कमी. शर्यतीतला सूर याहून वेगळा : ज्यावरून झेपावायचे तो ठोकळा पाण्यापासून जास्तीत जास्त 75 सें.मी. उंच, झेप उथळ आणि लांब. मुक्त शैलीत 15 मीटरच्या आत डोके पाण्यावर यावे लागते. खोल गेलेला पोहणारा हात वरच्या दिशेला वळवून, पाठीला हळूहळू बाक देऊन वर येतो.

विमानाच्या सुरातही खरी परीक्षा बाहेर येण्याची. विमान कलून वळसे घेत खाली निघाले, की नवख्याचा हात दांडी (विमानाचे नाक वर-खाली करणारी) मागे खेचायला धावतो. त्याने वळण आणखी आवळते आणि पंखांवरचा भार वाढतो. क्रम असा : आधी इंजिनाची शक्ती कमी, मग पंख समतल, शेवटी दांडी हळुवार मागे. वेगमापकावरची लाल रेघ (कमाल वेगाची मर्यादा) ओलांडायची नाही, सेस्ना 172 या छोट्या विमानाच्या अलीकडच्या नमुन्यात ती 163 नॉटवर (ताशी सुमारे 300 कि.मी.) असते. शिकाऊ वैमानिक सहसा डाव्या आसनावर, प्रशिक्षक उजव्या, दांड्या दोघांपुढेही. सातारा जिल्ह्यातील कराडची धावपट्टी 1950 च्या दशकात मुख्यतः कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी झाली. प्रशिक्षणासाठी तिचा वापर पुढचा.

स्त्रिया : घाटावर धुणे धुणाऱ्या, कासोटा खोचून पैलतीर गाठणाऱ्या बायकांच्या सुराची लेखी नोंद विरळ. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सूर 1904 पासून, स्त्रियांचे 1912 पासून. भारताकडून आरती साहा व डॉली नझीर 1952 साली हेलसिंकीला पोहल्या. पाणी आणि हवा दोन्ही साधणाऱ्यांत फ्रान्सच्या मारी मारव्हँ ठळक. 1906 साली त्या पॅरिसमधून सेन नदी पोहून गेल्या आणि 1910 मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. पहिली परवानाधारक भारतीय स्त्री म्हणून 1936 च्या सरला ठकराल यांचे नाव सर्रास दिले जाते. काही नोंदींत मात्र ऊर्मिला पारीख यांना 1932 मध्येच परवाना मिळाल्याचे आहे. ती नोंद ग्राह्य धरली तर मान पारीख यांच्याकडे जातो. लोकांच्या तोंडी राहिल्या त्या साडी नेसून जिप्सी मॉथ उडवणाऱ्या ठकराल.