पेन घराण्याची पत्रं: धंद्याची कोणती, सरकारी कोणती?

रिचर्ड पीटर्स हा गृहस्थ १७३७ पासून पेनसिल्व्हेनियाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पेन घराण्याच्या मालकीच्या इंग्रजी वसाहतीच्या, लँड ऑफिसचा सेक्रेटरी होता आणि १७४३ पासून प्रांताचाही सेक्रेटरी झाला. लँड ऑफिस म्हणजे पेन कुटुंबाच्या जमिनी विकणारी कचेरी. प्रांताचा सेक्रेटरी म्हणजे गव्हर्नरच्या कौन्सिलची इतिवृत्तं लिहिणारा आणि सरकारी दप्तर सांभाळणारा अधिकारी. आता पीटर्सने लंडनला थॉमस पेनला, म्हणजे वसाहत मिळवणाऱ्या विल्यम पेनच्या मुलाला आणि पुढच्या मालकाला, धाडलेलं एखादं पत्र हाती आलं, तर ते मुनिमाने शेटजींना लिहिलेलं समजायचं की अधिकाऱ्याने राज्यकर्त्याला? पुष्कळदा ते दोन्ही असतं, आणि एकाच पानावर असतं.

या घराण्याचे कागद फिलाडेल्फियात हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये आहेत. त्यात ‘ऑफिशियल कॉरस्पॉन्डन्स’ अशा नावाची एक मालिका आहे, आणि थॉमस पेन धाडलेल्या पत्रांच्या नकला ज्यांत उतरवून ठेवी त्या वह्याही आहेत. नवखा अभ्यासक नाव बघून राज्यकारभारासाठी पहिल्या मालिकेकडे वळतो आणि पैशाअडक्यासाठी दुसरीकडे जातो. ही वाटणी फसवी आहे. गव्हर्नरला दिलेली तंबी आणि जमिनीच्या दराबद्दलची कुरकुर थॉमसच्या वहीत लागोपाठ सापडते.

या सरमिसळीचं मूळ १६८१ च्या सनदेत आहे. दुसऱ्या चार्ल्सकडे अॅडमिरल पेन यांचे सुमारे १६,००० पौंड येणे होते. त्या बदल्यात राजाने त्यांच्या मुलाला, विल्यमला, अमेरिकेतला एक प्रांत दिला आणि त्याच कागदाने जमिनीची मालकी व राज्य चालवायचा अधिकार असं दोन्ही दिलं. व्हर्जिनियासारख्या राजाच्या थेट वसाहतीत गव्हर्नर लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडला, म्हणजे वसाहतींवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाला, लिहीत असे. त्याचा स्वतःचा तंबाखूचा व्यवहार असला तर तो वेगळा. पेनसिल्व्हेनियात मात्र बोर्ड ऑफ ट्रेडच्या आधी मध्ये एक कुटुंब बसलेलं होतं, आणि ते कुटुंबच सर्वांत मोठं जमीनदार होतं.

तरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या कुटुंबाला पक्कं ठाऊक होतं. कर्जापायी १७०८ मध्ये तुरुंगवास भोगलेल्या विल्यम पेनने १७१२ मध्ये राज्यकारभाराचा हक्क राजसत्तेला १२,००० पौंडांना विकायचं ठरवलं. १,००० पौंड आगाऊही मिळाले. जमीन तो विकत नव्हता, फक्त राज्य विकत होता. पुढे पक्षाघाताचा झटका आला आणि सौदा अडकला. विकताना ज्याला दोन्ही नीट वेगळं काढता येतं, त्याच घराने पुढची साठ-सत्तर वर्षं ती सरमिसळ सोयीने वापरली, असं माझं मत आहे.

मग ओळखायचं कसं? विषयावरून नाही, कारण जमीन दोन्हीकडे आहे. पत्र कोणी कोणाला लिहिलं हेही पुरत नाही, पीटर्सचं उदाहरण वर आलंच. मला उपयोगी पडते ती खूण अशी: पत्राचं पुढे काय झालं ते बघावं. सरकारी पत्र कौन्सिलच्या इतिवृत्तात, असेंब्लीपुढे (प्रांताच्या निवडून आलेल्या सभेपुढे) किंवा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे (राजाच्या सल्लागार मंडळाकडे) जाऊन पोचतं. गव्हर्नरला दिलेल्या सूचना सहीनिशी असत आणि त्या पाळण्यासाठी त्याच्याकडून जामीनखत घेतलं जाई. धंद्याचं पत्र खातेवहीत जाऊन थांबतं: अर्ज, वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी, पेटंट (मालकीचा कागद), आणि मग दरवर्षीचा जमीनधारा, ज्याला तिथे क्विटरेंट म्हणत. १७३२ पासूनचा दर १०० एकरांना साडेपंधरा पौंड, आणि धारा एकरी अर्धा पेनी. म्हणजे १०० एकरांच्या शेतकऱ्याने वर्षाला चार शिलिंग दोन पेन्स द्यायचे. किंमत स्थानिक चलनात आणि धारा स्टर्लिंगमध्ये, त्यामुळे या पत्रांत हुंडणावळीची रड कायमची.

ही खूण कुठे कामी येते, ते ‘वॉकिंग पर्चेस’ प्रकरणात दिसतं. सरकारी कागदांत ते असं दिसतं: २५ ऑगस्ट १७३७ ला लापाविन्सो, न्यूटिमस वगैरे लेनापे (तिथले मूळ रहिवासी) पुढाऱ्यांनी १६८६ च्या एका जुन्या करारावर शिक्कामोर्तब केलं, दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन पेन कुटुंबाला. १९ आणि २० सप्टेंबरला तीन जण निघाले, एडवर्ड मार्शल शेवटपर्यंत टिकला आणि साठ मैलांहून पुढे गेला. कराराच्या भाषेत सगळं रीतसर.

धंद्याचे कागद शेजारी ठेवले की क्रम उलटा होतो. त्याच भागातली, डेलावेअर नदीच्या फोर्क्सकडची जमीन कुटुंबाच्या हिशेबात आधीच विक्रीला निघाली होती. १७३५ मध्ये तर १,००,००० एकरांची सोडतही जाहीर झाली. त्याच वर्षी चालण्याची एक रंगीत तालीम गुपचूप उरकण्यात आली, किती अंतर पदरात पडेल ते बघायला. म्हणजे गिऱ्हाईक आधी, करार नंतर. नुसता करार वाचणाऱ्याला १७३७ मध्ये व्यवहार झालेला दिसतो. हिशेब वाचणाऱ्याला कळतं की १७३७ मध्ये फक्त मालकीचा कागद तयार झाला. पुढे ईस्टनच्या वाटाघाटींत टीडियुस्कुंग या लेनापे पुढाऱ्याने ही फसवणूक असल्याचा आरोप केला, तेव्हा तो विषय पुन्हा सरकारी इतिवृत्तात आला. पेन मंडळींना तो तिथे अर्थातच नको होता.

एखाद्या पत्राची जात वाटेत बदलते, तेही या घराण्यात दिसतं. विल्यम आजारी पडल्यापासून कारभार त्याची पत्नी हॅना पाहत होती, आणि नवऱ्यानंतरही तो तिच्याच हाती राहिला. या बाईंना इतिहासात मिळाली त्याहून बरीच जास्त जागा मिळायला हवी होती. १७२४ मध्ये पेन घराण्याचा फिलाडेल्फियातला कारभारी जेम्स लोगन तिच्या सूचना घेऊन परतला: गव्हर्नर विल्यम कीथने कौन्सिलच्या सल्ल्यानेच चालावं. घरच्या विश्वासू माणसाच्या हाती आलेला हा खासगी म्हणावा असा कागद कीथने सरळ असेंब्लीपुढे ठेवला. झालं, विधवा मालकिणीचा आदेश हा प्रांताच्या राज्यघटनेचा वाद बनला. १७२६ मध्ये कीथची गच्छंती झाली, पण कागद चव्हाट्यावर आला तो आलाच.

खरी टक्कर १७५० च्या दशकात झाली. फ्रेंचांशी लढाई, सरहद्दीवर हल्ले, आणि असेंब्ली म्हणते की संरक्षणासाठी मालकांच्या, म्हणजे पेन कुटुंबाच्या, जमिनींवरही कर बसवा. गव्हर्नर नाही म्हणतो, कारण सूचनांनी त्याचे हात बांधलेले. म्हणजे सरकारी पत्राने धंदा राखला जात होता. मग कुटुंबाने ५,००० पौंडांची देणगी दिली, पण ती कशी? थकलेल्या जमीनधाऱ्यातून वसूल करून द्यायच्या हुकमाने. थकबाकी वसूल करायचं कष्टाचं काम कोणाच्या गळ्यात पडलं ते वेगळं सांगायला नको. असेंब्लीचा वकील म्हणून लंडनला गेलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने थॉमस पेनची भेट घेतली आणि जानेवारी १७५८ मध्ये सभापती आयझॅक नॉरिसला कळवलं, की हा माणूस खोडी असलेला घोडा गळ्यात मारणाऱ्या हलक्या व्यापाऱ्यासारखा हसत होता. वाद प्रांताच्या हक्कांचा होता. उत्तर सौद्याच्या भाषेत आलं. १७६० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तोडगा काढला, त्यात मालकांच्या मोजणी न झालेल्या पडीक जमिनी करातून सुटल्या.

तारखांबद्दल थोडं. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७३७ असं लिहिलेलं पत्र आपल्या मोजणीने १७३८ चं असू शकतं. लोगन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, तो महिन्यांना नावं न देता आकडे देई. त्याचा पहिला महिना मार्च. पीटर्स अँग्लिकन पाद्री, तो महिन्यांची नेहमीची नावंच लिही. दोघांची पत्रं एकत्र लावताना इथे हमखास घोळ होतो.

शेवटी सीमारेषा आखली ती कुटुंबाने नव्हे. क्रांतीनंतर, २७ नोव्हेंबर १७७९ ला पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीने कायदा करून न विकलेली सर्व जमीन राज्याच्या ताब्यात घेतली आणि पेन कुटुंबाला १,३०,००० पौंड स्टर्लिंग देऊ केले. त्यांच्या खासगी म्हणून राखलेल्या जमिनी, ज्यांना मॅनर म्हणत, आणि त्यांवरचा धारा मात्र त्यांच्याकडेच राहू दिला. तिथून पुढच्या पत्रांत हप्ते, भाडेकरू आणि वसुली एवढंच येतं; गव्हर्नरला सूचना धाडायला आता गव्हर्नर उरला नव्हता.