प्रत्येक गुलाबाचा गुलकंद होत नाही

सोलापूरच्या फुलबाजारात देशी गुलाब किलोवर विकला जातो आणि लांब दांड्याचा डच गुलाब वीस फुलांच्या गड्डीने. मापातला हा फरक केवळ व्यापाराच्या सोयीचा नाही. दोन्ही फुलांची जडणघडणच वेगळी आहे.

देशी गुलाबाच्या पाकळ्या पातळ आणि मऊ असतात, फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत गळते, मात्र त्याचा वास दरवळतो. या सुगंधातला जिरॅनिऑलसारखा घटक सहज उडून जाणारा असल्यामुळे तोडणी ऊन चढण्याआधी उरकावी लागते. दमास्क जातीच्या गुलाबापासून अत्तर काढतात; एक किलो तेलासाठी साधारण 3 ते 5 टन फुले लागतात, यावरून त्याच्या किमतीचे कारण कळावे. आपल्याकडे देशी गुलाबाचे खरे चीज होते ते गुलकंदात. काचेच्या बरणीत पाकळ्या आणि साखर यांचे थर रचून बरणी उन्हात ठेवली, की साखर पाकळ्यांमधले पाणी ओढून घेते आणि काही दिवसांतच तळाशी गुलाबी पाक दिसू लागतो. जंतूंना वाढण्यासाठी लागणारे पाणी साखरेने बांधून ठेवलेले असल्याने गुलकंद टिकतो. सोलापूरचे मार्चमधले ऊन या कामाला उत्तम. बाजारातल्या गड्डीच्या फुलांवर कीटकनाशके फवारलेली असतात, म्हणून ती खाण्यात कधीही वापरू नयेत.

लांब दांड्यावर एकच डौलदार कळी धरणारा गुलाब म्हणजे हायब्रीड टी. 1867 मधील ‘ला फ्रान्स’ हा या गटातला पहिला वाण मानतात. महाराष्ट्रात लावला जाणारा ‘ग्लॅडिएटर’ याच गटातला. पुढे कापून विकायच्या फुलांची निवड टिकाऊपणा आणि रंग पाहून होत गेली आणि त्यात अनेक वाणांचा सुगंध हरवला. असे का होते, याचा एक धागा 2015 मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या हाती लागला. सुवासिक ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ वासहीन ‘रूज मेयाँ’ यांची तुलना करताना, जिरॅनिऑल तयार होण्यास मदत करणारे एनयूडीएक्स1 हे जनुक सुवासिक फुलात जोमाने काम करते आणि दुसऱ्यात जेमतेम, असे त्यांना आढळले. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण टिकाऊ फुलाला पुन्हा सुगंध देण्याची वाट त्यातून दिसते.

वाफ्यात झुबक्यांनी फुलणारा फ्लोरिबंडा शोभतो, कमानीवर वेली गुलाब, आणि गॅलरीतल्या कुंडीत बटण गुलाब.

जात कोणतीही निवडली तरी सोलापुरात चुनखडीयुक्त जमिनीचा विचार आधी करावा लागतो. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भरपूर शेणखत आणि चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी यांनी हे सावरते. डोळा भरलेले कलम घेताना खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर डोळा बसवला ते, कोणता, हे रोपवाटिकेत आवर्जून विचारावे, कारण मल्टिफ्लोरा गुलाबाच्या खुंटापेक्षा इंडिका ओडोराटा गुलाबाचा खुंट अशी जमीन अधिक सोसतो. डोळ्याच्या खालून येणारा जोमदार फुटवा हा कलमाचा नसून खुंटाचा असतो आणि तो वाढू दिल्यास कलम मागे पडते. तो जमिनीलगत कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून माती बाजूला सारून जिथून निघाला असेल तिथूनच ओढून काढावा.