खारवट की चोपण? जिप्समची पोती उतरवण्याआधी

उजनीच्या कालव्याखाली, पंढरपूर-मोहोळ-माढ्याकडं उसाच्या रानात पांढरं फुटलं की सल्ला ठरलेला: "जिप्सम टाका." दुकानदार तेच सांगतो, पारावरचे जाणकारही तेच. जमीन खारवट आहे की चोपण, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही.

खारवट सगळ्यांना माहीत असते. उन्हाळ्यात वर पांढरा थर, आणि ओल असूनही पीक माना टाकतं, कारण क्षारांमुळं मुळांना पाणी ओढता येत नाही. उपाय चर किंवा भूमिगत पाइपचा निचरा, वर गोडं पाणी. जिप्सम हासुद्धा क्षारच, तो इथं कशाला?

चोपणात दोष एकूण क्षारांचा नसतो, मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा असतो. कॅल्शियम कणांना बांधून ठेवतं, सोडियम त्यांना सुटं करतं. सुटे कण पोकळ्या बुजवतात, पाणी वरच तुंबतं, मुळं गुदमरतात; रान वाळलं की नांगर लागत नाही. जिप्समची जागा इथं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतं, मग ते पाण्याबरोबर खाली जातं.

माणसं फसतात ती क्षार आणि सोडियम दोन्ही भरपूर असलेल्या जमिनीत. तिथं पाणी बऱ्यापैकी मुरतं, कारण क्षार दाट असले की सोडियम असूनही कण सुटत नाहीत. मालक म्हणतो, खारवट आहे, धुऊन काढू. गोडं पाणी देतो, क्षार वाहून जातात, सोडियम जागेवर राहतं आणि चालत्या रानाचं चोपण होतं. अशा जमिनीत आधी जिप्सम, मग पाणी, आणि निचरा दोन्हींच्या आधी.

अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये घातलेल्या मर्यादा आजही वापरतात: ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ४ च्या वर खारवट, ईएसपी (कणांवरच्या सोडियमचा टक्का) १५ च्या वर चोपण. पण ते ४ संपृक्त चिखलाच्या (पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीच्या) अर्काचे. आपल्याकडचा अहवाल बहुधा १:२.५ द्रावणाचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असतो, त्यात आकडा कमीच दिसतो. आणि आपल्या काळ्या चिकणमातीला १५ फार सैल. ऑस्ट्रेलियात ६ पासूनच सावध होतात. नुसत्या सामूवरून (पीएच) निदान करणाऱ्यांचं तर ऐकूच नका. चुनखडीच्या जमिनीचा सामू सोडियम नसतानाही ८.२-८.४ असतो. ईएसपी साध्या तपासणीत येत नाही, मागून घ्या.

तोवर वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात सोडा, ढवळू नका. भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा संशय पक्का. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार ढग होऊच देत नाहीत. याच कारणानं वरची दुहेरी दुखण्याची जमीनही या परीक्षेत पास होऊ शकते.

चोपणात चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतं. त्याला ओल लागते आणि महिने लागतात. लागणीच्या आदल्या दिवशी गंधक विस्कटणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.