मेट्रो-3 : भुयाराचा हिशेब मागितला कोणी?

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोचं नाव निघालं की आधी आरेची झाडं आठवतात. साडेतेहेतीस किलोमीटरच्या या मार्गावर 27 स्थानकं आहेत आणि आरेचं सोडलं तर सगळी जमिनीखाली. वाद मात्र सर्वात जास्त पेटला तो आरेतल्या जमिनीवरच्या कारशेडवरून, म्हणजे गाड्या ठेवण्याच्या आगारावरून. डोळ्यांना दिसतं त्यावर भांडता येतं, भुयाराचं तसं नसतं.

याचं मूळ कायद्यात आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास भारतात 1994 मध्ये सक्तीचा झाला आणि 2006 मध्ये नवी अधिसूचना आली. तिच्या यादीत खाणी, बंदरं, विमानतळ, महामार्ग आहेत. रेल्वे आणि मेट्रोचं नाव नाही. वीस हजार चौरस मीटरच्या गृहसंकुलाला पर्यावरण मंजुरी लागते आणि अख्ख्या शहराखालून जाणाऱ्या मेट्रोचा यादीत उल्लेखही नाही, हा तर्क मला आजवर उमगलेला नाही. मेट्रो पर्यावरणाच्या भल्याचीच, मग तिला काय विचारायचं, असं गृहीत धरलं गेलं असावं. मुंबईत 2013 मध्ये जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार झाला, तेव्हा पर्यावरण आणि पुनर्वसनाबाबतचे तिचे नियमही सोबत आले. कायद्याने जे विचारलं नाही, ते सावकाराने विचारलं.

मेट्रो हिरवी असते या समजाला दिल्लीने बळ दिलं. 2011 मध्ये दिल्ली मेट्रोला संयुक्त राष्ट्रांकडून कार्बन क्रेडिट मिळाली. वर्षाला सुमारे 6.3 लाख टन उत्सर्जन वाचत असल्याचा तो हिशेब होता. रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात, हे खरंच. पण भुयाराचं सिमेंट, लोखंड आणि खडक उपसून डंपरने वाहून नेणं, हा सगळा खर्च पहिल्याच दिवसापासून वातावरणाच्या खात्यावर पडतो. बचत पुढे वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने होते, तीही प्रवासी आले तरच. शिवाय जमिनीखाली हवा खेळती ठेवायला आणि पाणी उपसायला वीज लागतेच.

उरलेले प्रश्न कोर्टात गेले. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम थांबवलं, कारण लोकांची झोप उडाली होती. 2018 मध्ये पारशी समाजाने आतश बेहराम या आपल्या अग्निमंदिरांचं पावित्र्य आणि तिथल्या विहिरींचं पाणी यांचा मुद्दा मांडला. भुयारामुळे भूजलाचं काय होईल, हा प्रश्न खरं तर नकाशा आखतानाच यायला हवा होता. ऑक्टोबर 2019 मध्ये आरेत दोन हजारांवर झाडं पडली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, 2022 मध्ये ती परत आरेत आली. मूळ 23,136 कोटींचा खर्च तोवर बराच वाढला होता; शेवटी तो 37 हजार कोटींच्या वर गेला.

10 मे 2025 ला गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत धावू लागली. 26 मे ला मान्सून मुंबईत पोहोचला, 75 वर्षांत सर्वात लवकर. त्या स्थानकाच्या अर्धवट प्रवेशद्वारापाशी बांधलेली भिंत पाण्याच्या लोंढ्याने कोसळली आणि पाणी फलाटापर्यंत शिरलं.