गिनीपिगची जात कशी ओळखायची: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे बरेच जण फोनवरचा फोटो पुढे करतात आणि विचारतात, "ही जात आहे का तुमच्याकडे?" फोटोत जमिनीवर लोळणाऱ्या केसांचा, कुठे डोळे आणि कुठे शेपटा हे कळू नये असा गिनीपिग असतो. (शेपटी गिनीपिगला नसतेच, तो भाग निराळा.) मग आम्ही विचारतो की रोज विंचरायला घरात कोणाला वेळ आहे, मेमध्ये खोलीचं तापमान किती जातं. ग्राहकाला वाटतं, जात विचारली तर हे भलतंच काय विचारतात. पण गिनीपिगच्या बाबतीत जात म्हणजे केसच. केस किती लांब, कुठल्या दिशेला, सरळ की कुरळे, एवढ्यावर जात ठरते. म्हणून हे पत्रक. घेण्याआधी वाचावं, घेतल्यावर जपून ठेवावं.

सगळे एकाच जातकुळीचे

पाळीव गिनीपिग सगळे एकाच प्रजातीचे. शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस. ना ते डुक्कर, ना गिनीतून आलेले. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागात, लोकांनी त्यांना काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं ते खाण्यासाठी. तिथे त्यांना 'कुय' म्हणतात आणि आजही खातात. सोळाव्या शतकात ते युरोपात पोचले. तिथे ते खाण्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी पाळले गेले.

जातींचं सगळं कोडं या फरकातून सुटतं. कुत्र्याच्या जाती कामावरून घडल्या: कोणी मेंढ्या राखायच्या, कोणी शिकार करायची, कोणी राखण. म्हणून अंगकाठी वेगळी, स्वभाव वेगळा. युरोपात गिनीपिगला असं कामच नव्हतं. दिसायला चांगला, एवढीच अपेक्षा. मग पाळणाऱ्यांनी निवड केली ती केसांची आणि रंगाची. त्यामुळे "कुठली जात जास्त शांत?" या प्रश्नाला आम्ही जातीचं नाव सांगत नाही. लहानपणापासून किती हाताळला आहे आणि सोबतीला दुसरा गिनीपिग आहे का, यावर त्याचा स्वभाव घडतो.

नावांवरूनही फसू नका. अ‍ॅबिसिनियनचा अ‍ॅबिसिनियाशी, म्हणजे इथिओपियाशी, संबंध नाही. हिमालयन हिमालयातला नाही. पेरुव्हियन म्हणजे लांबलचक केसांचा, पण पेरू देशात जे घरोघरी पाळतात ते बहुतेक आखूड केसांचे.

आखूड केसांचे

सगळ्यात साधा तो गुळगुळीत केसांचा. केस आखूड, नाकाकडून मागे एकाच दिशेला बसलेले, अंगावर एकही भोवरा नाही. याला अमेरिकेत 'अमेरिकन' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'इंग्लिश' किंवा नुसतं 'स्मूथ'. जनावर तेच.

याच गुळगुळीत अंगावर कपाळाच्या मधोमध एकच भोवरा असेल तर तो 'क्रेस्टेड'. भोवऱ्याचा रंग अंगासारखाच असेल तर इंग्लिश क्रेस्टेड. अंग एका रंगाचं आणि भोवरा तेवढा पांढराशुभ्र असेल तर अमेरिकन क्रेस्टेड, ज्याला अमेरिकेत व्हाइट क्रेस्टेड म्हणतात. प्रदर्शनात नेणाऱ्यांसाठी दुसरीकडे कुठेही एक पांढरा ठिपका आला तरी तो दोष. घरी पाळणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, आणि असे ठिपकेवाले आमच्याकडे नेहमी असतात.

अंगभर भोवरे असले की अ‍ॅबिसिनियन. आपल्याकडे बैल-घोडा घेताना भोवरे बघणारी माणसं अजून आहेत; भोवरा कुठे आहे यावर शुभ-अशुभ सांगतात. अ‍ॅबिसिनियनच्या बाबतीत भोवरे खरोखरच मोजतात, फक्त शुभाशुभासाठी नाही. प्रदर्शनाच्या दर्जाच्या जनावरावर दहा भोवरे अपेक्षित असतात: दोन्ही खांद्यांवर एकेक, पाठीवर आडव्या ओळीत चार, दोन्ही बाजूंना कमरेवर एकेक आणि मागे पुठ्ठ्यावर दोन. जिथे दोन भोवऱ्यांचे केस एकमेकांना भिडतात तिथे उभा कंगोरा तयार होतो. केस हाताला राठ लागतात. राठच असायला हवेत. घरगुती अ‍ॅबिसिनियनला सहा-सात भोवरे असतात, तेही वाकडेतिकडे, आणि आमच्या मते दिसायला तेच जास्त गोड.

आता रेक्स आणि टेडी. दोघांचे केस आखूड, दाट आणि उभे. हात फिरवला की ब्रशवरून फिरवल्यासारखं वाटतं. शेजारी शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला ओळखता येत नाहीत. पण आतून ते वेगळे आहेत. रेक्सचा गुण एका जनुकामुळे येतो, टेडीचा दुसऱ्याच जनुकामुळे, आणि दोन्ही गुण दबके आहेत: आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे रेक्स नर आणि टेडी मादी एकत्र आले की पिल्लं होतात गुळगुळीत! आमच्याकडे एक ताई अशी पिल्लं घेऊन आल्या होत्या आणि त्यांना खात्री होती की दुसराच कोणी नर पिंजऱ्यात शिरला. तसं काही झालेलं नव्हतं. पिल्लांमध्ये दोन्ही गुण लपून होते, इतकंच.

लांब केसांचे: नावं सात-आठ, हिशोब एक

लांब केसांच्या जातींची नावं ऐकून माणूस गोंधळतो. एकदा हिशोब कळला की पाठ करावं लागत नाही.

पाया आहे शेल्टी. लांब, सरळ, रेशमी केस, तोंडाकडून मागे जाणारे. तोंडावर केस येत नाहीत. अमेरिकेत यालाच सिल्की म्हणतात. दोन नावांमुळे एकाच जनावराच्या दोन किमती सांगितल्या जातात, तेव्हा लक्ष ठेवा.

शेल्टीच्या कपाळावर क्रेस्टेडसारखा एक भोवरा आला की झाला कोरोनेट. आणि लांब केसांना पुठ्ठ्यावरचे भोवरे मिळाले की केस मागे न जाता पुढे वळतात, डोक्यावरून तोंडावर येतात, मधोमध भांग पडतो. हा पेरुव्हियन, फोनवरच्या फोटोतला.

आता या तिघांना रेक्सचा गुण द्या; आखूड केस त्यानं उभे राहतात, लांब केस कुरळे होतात. कुरळा शेल्टी म्हणजे टेक्सल. कुरळा कोरोनेट म्हणजे मेरिनो. कुरळा पेरुव्हियन म्हणजे अल्पाका. बस. लांबी, भोवरा आणि कुरळेपणा या तीनच गोष्टींची उलटसुलट जुळणी.

दिसायला देखणे, पण आम्ही ग्राहकाला हे विकताना दहा प्रश्न विचारतो आणि कधीकधी नाही म्हणतो. लांब केस महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतात आणि थांबत नाहीत. मागच्या बाजूचे केस लघवीत भिजतात, लेंड्या अडकतात, दोन दिवस विंचरलं नाही की जटा होतात. जटेखाली कातडी लाल होते, आणि उन्हाळ्यात ओल्या केसांवर माशी बसून अंडी घालते; त्यातून होणाऱ्या अळ्या जिवंत जनावराला खातात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. प्रदर्शनाचे पेरुव्हियन पाळणारे लोक त्यांचे केस कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये बांधून ठेवतात. घरी तसं करू नका. मागचे केस जमिनीला टेकणार नाहीत इतके कापत राहा. कापल्यानं जात बदलत नाही.

दुसरं कारण ऊन. गिनीपिग डोंगरातल्या थंड हवेचा प्राणी, त्याला घाम येत नाही. १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये तो सुखी, २८च्या वर गेलं की त्रास सुरू. अकोला, जळगाव, नागपूरच्या ग्राहकांना आम्ही लांब केसांचा गिनीपिग सुचवतच नाही, जोवर उन्हाळ्यात दिवसभर कूलर किंवा एसी चालत नाही. कोकणातल्या दमट हवेत जटांचा त्रास आणखी वाढतो.

सॅटिन

सॅटिन ही स्वतंत्र जात नाही. कुठल्याही जातीवर चढणारी चकाकी आहे. केस आतून पोकळ असल्यामुळे उजेड पडला की काचेसारखे चमकतात. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या १३ गिनीपिग जातींच्या यादीचं गणित यातूनच उलगडतं. मूळ जाती आठ: अमेरिकन, अ‍ॅबिसिनियन, पेरुव्हियन, सिल्की, टेडी, कोरोनेट, टेक्सल, व्हाइट क्रेस्टेड. यातल्या पहिल्या पाचांची सॅटिन आवृत्ती वेगळी मोजली की झाल्या तेरा. इंग्लंडमधली मांडणी वेगळी. तिथे रेक्स, मेरिनो, अल्पाका यांनाही जागा आहे. म्हणजे "जगात किती जाती?" याचं उत्तर कोणाची यादी हातात आहे यावर अवलंबून.

सॅटिन आम्ही ठेवत नाही. या चकाकीबरोबर हाडं ठिसूळ होण्याचा आजार जोडलेला आढळतो. जनावर उड्या मारायचं थांबवतं, चालताना लचकतं, जबडा दुखल्यानं खाणं सोडतं. त्यावर कायमचा उपाय नाही.

रंग: जातीनंतरची पायरी

आधी केस, मग रंग. रंगावरून जात ठरत नाही, जातीतला प्रकार ठरतो. अंगभर एकच रंग असेल तर 'सेल्फ': काळा, पांढरा, क्रीम, लाल, चॉकलेटी, लायलॅक, बेज वगैरे. एकेका केसावर दोन रंगांचे पट्टे असतील तर 'अगूटी'. फुंकर मारली की खालचा गडद रंग दिसतो. बाकी सगळे ठिपक्या-पट्ट्यांचे. पांढरा पट्टा आणि गालांवर रंग असलेला डच. काळ्या-लाल चौकटींचा टॉर्टाइजशेल, त्यात पांढरा आला की टॉर्टाइजशेल अँड व्हाइट.

हिमालयनबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण तक्रार नेहमी येते. अंग पांढरं, डोळे लाल, नाक-कान-पाय गडद. त्याचा काळा रंग थंडाव्यावर अवलंबून असतो. शरीराचे जे भाग गार राहतात तिथेच तो उमटतो. म्हणून पिल्लू जन्मतः जवळजवळ पांढरं असतं आणि रंग काही आठवड्यांनी चढतो. आणि म्हणूनच उन्हाळ्यात नाकावरचा काळा फिका पडतो. आजार नाही. थंडीत परत येतो.

रोन आणि डाल्मेशियन मात्र जपून. पांढरे आणि रंगीत केस मिसळलेले किंवा पांढऱ्यावर ठिपके, दिसतात सुंदर. पण रोन-रोनची किंवा डाल्मेशियन-डाल्मेशियनची जोडी कधीही लावू नका. सरासरी चारांतलं एक पिल्लू पांढरं, बारीक किंवा न उघडणाऱ्या डोळ्यांचं, बहुतेक आंधळं आणि दातांत दोष असलेलं जन्माला येतं. आमच्याकडून रोन नेणाऱ्या प्रत्येकाच्या पावतीवर हे लिहिलेलं असतं. काही रोनमध्ये पांढरे केस इतके थोडे असतात की दिसतही नाहीत, म्हणून आई-बापाचे रंग विचारल्याशिवाय जोडी लावू नये.

बिनकेसांचे

स्किनी हा प्रकार १९७८ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या एका प्रयोगशाळेत अचानक निर्माण झालेल्या बदलातून आला. नाकावर आणि पावलांवर थोडे केस, बाकी अंग उघडं. बॉल्डविन केसांसकट जन्मतो आणि मग ते गळतात; दोघांची जनुकं वेगळी. हे थंडीनं लगेच कुडकुडतात, ऊब टिकवायला जास्त खातात, कातडी कोरडी पडते. आम्ही विकत नाही.

पेरूमधली मांडणी

तिथे कुय अजूनही शेतीचं जनावर आहे, त्यामुळे वर्गवारी कामाची. केसांवरून चार प्रकार: एक, आखूड सरळ, दोन, भोवऱ्यांचे, तीन, लांब, चार, कुरळे. पण त्यावर थांबत नाहीत. अंगाचा आकार, वाढीचा वेग, डोळ्यांचा रंग आणि बोटं किती हेही पाहतात. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं 'पेरू', 'आंदिना', 'इंती' अशा मांसासाठीच्या जाती तयार केल्या आहेत. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या गिनीपिगांना हार्टली म्हणतात; ती प्रयोगासाठी जोपासलेली वंशावळ, हौशी जात नव्हे.

पिल्लू बघताना

लांब केसांचं पिल्लू दोन आठवड्यांपर्यंत आखूड केसांचंच वाटतं. पुठ्ठ्यावर भोवरे आहेत का बघा. ते जन्मापासून असतात. रेक्सच्या पिल्लाच्या मिशाही वाकड्या असतात. कपाळावरचा भोवरा पहिल्या दिवशी दिसतो. "मोठा झाला की केस वाढतील" एवढ्या आश्वासनावर कुठेही जास्त पैसे देऊ नका, आमच्याकडेही नाही. आई-बाप दाखवा म्हणा.

जात कुठलीही असो, खाणं एकच. शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, म्हणून ते रोज बाहेरून द्यावं लागतं: ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, कधी पेरूची फोड. पोटभर वाळलेलं गवत. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक. मोठ्यांना नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि मूतखडे होतात.

आमच्या पावतीवर

आमच्याकडचे बहुतेक गिनीपिग मिश्र आहेत, म्हणून आम्ही पावतीवर 'शुद्ध अमुक' असं लिहीत नाही. लिहितो ते असं: केस लांब, सरळ, भोवरे दोन, पुठ्ठ्यावर, रंग लाल-पांढरा, आई शेल्टी, बाप अ‍ॅबिसिनियनसारखा, जन्मतारीख, नर की मादी. जोडीदार घ्यायला याल तेव्हा ही पावती बरोबर आणा. नर-मादी एकत्र ठेवणार असाल तर आधी विचारा. मादी महिन्याभराच्या वयातच गाभण राहू शकते आणि नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात. पावती हरवली असेल तर जनावर घेऊनच या. केस बघून, आई-बापाची आमच्या वहीतली नोंद काढून, नवी पावती लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही.