दाद न देणारा शब्द

न थांबणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘अनस्टॉपेबल’ हा सोपा शब्द आहे. मग ‘इनेक्झोरेबल’ हा जड शब्द कशाला हवा? उत्तर त्याच्या लॅटिन मुळात आहे. ‘ओरारे’ म्हणजे बोलणं, प्रार्थना करणं. ‘एक्सोरारे’ म्हणजे विनवण्या करून मन वळवणं. त्याला नकाराचा ‘इन’ लागला की अर्थ होतो, कितीही गयावया केली तरी न बधणारा. वक्ता या अर्थाचा ‘ओरेटर’ही ‘ओरारे’च्याच घरातला.

सलग जिंकत सुटलेल्या खेळाडूला ‘अनस्टॉपेबल’ म्हणतात. त्याच्याहून तगडा कुणी भेटला की तो थांबतोही. काळाचं पुढे सरकणं, वय वाढणं मात्र ‘इनेक्झोरेबल’. तिथे जोर लावायला समोर कुणी नसतंच. मराठीतलं ‘अटळ’ जवळचं वाटतं खरं, पण ते ‘इनएव्हिटेबल’शी जास्त जुळतं, दोन्हींच्या मुळाशी टाळणं आहे. मला इथे ‘कशालाच दाद न देणारं’ हेच नेमकं वाटतं. (उच्चारताना जोर ‘नेक’वर.)

निसर्गात या अर्थाला पुरेपूर उतरणारी गोष्ट म्हणजे किरणोत्सर्गी ऱ्हास, अस्थिर अणूंचं आपोआप दुसऱ्या अणूंत बदलत जाणं. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार घ्या. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात साठ्यातले निम्मे अणू नायट्रोजन होऊन जातात. तो साठा तापवा, गोठवा, आम्लात बुडवा, वेग बदलत नाही. रासायनिक क्रिया उष्णतेनं वेगावतात, थंडीनं मंदावतात, कारण त्या अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमध्ये घडतात. ऱ्हास घडतो अणुकेंद्रात, आणि तिथली ऊर्जा रासायनिक क्रियेतल्या ऊर्जेच्या हजारो पट असते. भट्टीची धग तिथवर पोचतच नाही. त्यातही नवल असं, की एखादा अणू नेमका कधी बदलेल हे कुणालाच सांगता येत नाही. तो पुढच्या क्षणी बदलेल किंवा वीस हजार वर्षं तसाच राहील. पण असे कोट्यवधी अणू एकत्र आले की त्यांचा हिशेब पक्का बसतो.

या न बधण्यावरच अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी कार्बन कालमापन (उरलेल्या कार्बन-१४ वरून जुन्या अवशेषाचं वय काढणं) उभं केलं. त्यासाठी त्यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज या पद्धतीनं सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत मागे जाता येतं. चुलीतला कोळसा असो की बर्फात गोठलेलं हाड, आतलं घड्याळ त्याच चालीनं चाललेलं असतं.